अनोळखी पाहिजेत

रत्नागिरीत तीन दिवसांसाठी शंभर अनोळखी माणसं पाहिजेत, असं करीमने सांगितलं तेव्हा गुरुप्रसाद मिरकरवाड्याच्या जेटीवर एक काटा उघडून बसला होता. काटा म्हणजे वजनाचा. माशांच्या काट्यांशी त्याचा संबंध फक्त जेवताना येई.

"कुणाला अनोळखी?" गुरुप्रसादने विचारलं.

"एकमेकांना."

गुरुप्रसादने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. एवढ्या मोठ्या अडचणीत सापडलेला माणूस त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

करीम दहा वर्षं कुवेतला होता. परत आल्यावर त्याने आधी टेम्पो घेतला, मग मांडवाचं सामान घेतलं, मग बिर्याणीची डेग घेतली, आणि आता तो लाइन प्रोड्यूसर झाला होता. म्हणजे काय, हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. पण मुंबईहून आलेली सिनेमाची मंडळी त्याला त्याच नावाने हाक मारत आणि तो ओ देई. सिनेमा होता प्रेमाचा. एका मोठ्या शहरात मेट्रोच्या स्टेशनवर दोन अनोळखी माणसं भेटतात, असा. मोठ्या शहरातल्या खऱ्या स्टेशनवर शूटिंग करणं परवडेना, म्हणून मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या एका शेडमध्ये प्लायवुडचं स्टेशन उभं राहत होतं.

"भेटतात, आणि मग?" गुरुप्रसादने विचारलं.

"मग बोलतात."

"मग?"

"मग आपापल्या घरी जातात."

"आणि?"

"आणि काय? संपला सिनेमा. हळुवार आहे म्हणे." करीमने कपाळावर हात मारला. "अरे, हे तर मारुती मंदिरच्या स्टॉपवर रोज होतं. पण तिथे बघायला तिकीट नाही ना लागत! ते जाऊ दे. तू येतोस का सांग. तुझ्यासारखा गप्प माणूस मला पाहिजे."

गुरुप्रसाद गप्प होता हे खरं. वय अडतीस, धंदा वजनकाटे दुरुस्तीचा, वडिलांपासून चालत आलेला. दाभोळपासून पूर्णगडपर्यंत एकही जेटी, एकही काजूचा कारखाना आणि एकही रेशनचं दुकान असं नव्हतं की जिथे त्याचा हात काट्याला लागला नाही. त्यामुळे त्याला ओळखत नाही असा माणूस जिल्ह्यात सापडणं कठीण; आणि तो कुणाशी चार वाक्यं बोलला आहे असा माणूस सापडणं त्याहून कठीण. काट्याबद्दल विचारा, बोलेल. स्वतःबद्दल विचारलंत की तोंडात मिठाची गुळणी. लग्नासाठी तीन मुली पाहून झाल्या होत्या. तिसऱ्या मुलीने निघताना तिच्या आईला हळूच विचारलं होतं, "याला ऐकू तरी येतं ना?" त्याला ऐकू आलं होतं. तरी तो काही बोलला नाही.

"येतो," तो म्हणाला. काम कठीण नव्हतं. गप्पच तर बसायचं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी शेडमध्ये शंभर माणसं जमली. करीमने डोकं लढवलं होतं. सगळी एका गावची घेतली तर ओळखी निघणार, म्हणून त्याने तीस दाभोळहून आणली, तीस पूर्णगडहून, बाकीची शहरातून. आणि दाभोळच्या माणसाशेजारी पूर्णगडचा उभा केला. दिग्दर्शकाचं नाव रय्यान. एकोणतीस वर्षांचा, मुंबईत वाढलेला, दाढी चांगली आणि झोप कमी असा मुलगा. तो एका खोक्यावर चढून म्हणाला, "हे मोठं शहर आहे. इथे कुणीच कुणाला ओळखत नाही. कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे घाईत आहेत. सगळे एकटे आहेत. जमेल?"

"जमेल की," शंभर जण एका सुरात म्हणाले. हाच पहिला अपशकुन.

कॅमेरा सुरू झाला. नायक डावीकडून आला, नायिका उजवीकडून आली, मागून गर्दी वाहू लागली. आणि प्लॅटफॉर्मच्या या टोकाकडून त्या टोकाला खणखणीत आवाज गेला, "काय गो नसीमा, सून आली काय माहेरून?"

हा आवाज मैनाआत्येचा. ती गुरुप्रसादची सख्खी आत्या, पण अर्धी रत्नागिरी तिला आत्येच म्हणत असे.

"कट!" रय्यान ओरडला. "आजी, तुम्ही यांना ओळखत नाही."

"ओळखत नाही कशी? हिच्या दिराच्या होडीतून आम्ही..."

"सिनेमात ओळखत नाही!"

"बरं बरं. सिनेमात नाही ओळखत." मैनाआत्ये समजूतदारपणे म्हणाली आणि नसीमाचाचीकडे वळली. "नंतर सांग हां. आत्ता आपण अनोळखी हाय."

दुसऱ्या टेकला पूर्णगडच्या एकाने दाभोळच्या एकाला चुकून धक्का दिला. मोठ्या शहरात अशा वेळी माणूस पुढे जातो. हे दोघे थांबले. एकाने सॉरी म्हटलं, दुसऱ्याने कुठले विचारलं, आणि दीड मिनिटात ते लांबच्या नात्याने साडू निघाले. तिसऱ्या टेकला रय्यानने युक्ती काढली : प्रत्येकाने मोबाइलमध्ये डोकं घालून चालायचं. प्रत्येकाने घातलं. चालता चालता त्यांनी एकमेकांचे फोटो काढून एकमेकांना पाठवले, आणि ते आल्याचं कळताच एकमेकांना हात केले.

जेवणाच्या सुट्टीत नसीमाचाचीने रय्यानला जवळ बोलावलं, त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "बेटा, तुझ्या नानीचं नाव कौसर काय?"

रय्यान दचकला. कौसर हे त्याच्या आजीचंच नाव होतं.

"तरीच म्हटलं, हे नाक कुठे पाह्यलंय! अगो, हा दाभोळच्या कौसरचा नातू!" बातमी डाळीच्या वाटीबरोबर पंगतीत फिरली, आणि त्या क्षणापासून दिग्दर्शकाचा दरारा संपला. दुपारनंतर तो "कट" म्हणाला की बायका म्हणत, "थांबा, थांबा, कौसरचा नातू काय म्हणतो बघा."

त्या शंभरांत दिग्दर्शकाचं फर्मान मनापासून पाळणारा माणूस एकच होता. गुरुप्रसाद. वजनाच्या कामात बावीस वर्षं घालवलेला माणूस सांगितलं त्यात दहा ग्रॅमही इकडचं तिकडे करत नाही. अनोळखी म्हणजे अनोळखी. सख्ख्या आत्येने पाण्याचा ग्लास पुढे केला, तर त्याने तो "धन्यवाद" म्हणून घेतला. आत्येने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रय्यानचं त्याच्याकडे लक्ष गेलं. सानवी नावाच्या मदतनीस दिग्दर्शिकेला तो म्हणाला, "याला बाकावर बसव. नायक-नायिकेच्या बरोबर मागे. आणि शेजारी एक बाई दे, हिला-तिला हाका न मारणारी."

"अशी एकच आहे," करीम अभिमानाने म्हणाला. "अस्सल माल. बार्शीची. जिल्ह्यात हिचं कुणी म्हणजे कुणी नाही. मी चौकशी केली."

बार्शीची बाई म्हणजे तेजस्वी. वय तेहतीस-चौतीस, निळी साडी, खांद्याला पिशवी, आणि गर्दीकडे गंमत बघावी तसं बघण्याची सवय. शाळेत शिकवत होती, एवढं करीम म्हणाला. पुढचं तो सांगणार होता, पण गुरुप्रसाद बाजूला झाला.

थोड्या वेळाने मैनाआत्येने त्याला खांबाआड गाठलं. दहा मिनिटांत तिने सगळी माहिती काढली होती. "ऐक रे. ती त्या शाळेत—"

"आत्ये, नको सांगूस. शूटिंग संपेस्तोवर मला तिच्याबद्दल काही कळता कामा नये."

"अरे पण शाळा कुठली ते तरी—"

"नको म्हटलं ना."

"बरं बाबा, राहा अडाणी," आत्ये म्हणाली. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ हे एवढंच.

सानवीने दोघांना बाकावर बसवलं आणि काम समजावलं. "तुम्ही दोघं मागे जरा धूसर दिसणार, पण ओठ हललेले कळणार. एकमेकांशी बोलायचं, पण आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलवायचे. माईक चालू असतो. काही सुचलं नाही तर आकडे मोजा."

गुरुप्रसादने आकडे मोजले. पहिल्या टेकला एक ते साठ. दुसऱ्याला पाचशे ग्रॅम, एक किलो, दोन किलो असं करत तो क्विंटलपर्यंत गेला. समोरची बाई त्याच्याकडे लक्ष देऊन बघत होती आणि मान डोलावत होती. चांगला अभिनय करतेय, त्याला वाटलं. पाचव्या टेकपर्यंत आकड्यांचा कंटाळा आला. नायक पुढे उभा राहून नायिकेला शहरातल्या एकटेपणाबद्दल सांगत होता. गुरुप्रसादने तेजस्वीकडे बघत, आवाज न काढता म्हटलं, "त्याच्या शर्टाचं लेबल बाहेर आलंय."

ती हसली.

गुरुप्रसादला गंमत वाटली. नेमकी कशी हसली! त्याने पुन्हा ओठ हलवले, "तुमच्या डब्यात आज शेंगदाण्याची चटणी होती. सगळ्या शेडला वास आला. मागायची हिंमत झाली नाही."

तिने पदराने तोंड झाकलं. रय्यान मॉनिटरमागून ओरडला, "बाक फार छान चाललंय!"

आयुष्यात पहिल्यांदा गुरुप्रसादला बोलायची चटक लागली. आवाज नसला की शब्दांना वजन नसतं, हे त्याला नवीनच कळलं होतं. कुठल्याही शब्दाची कुठे नोंद नाही, कुणी "काय म्हणालास?" विचारत नाही, जिभेवरचं मीठ आपोआप विरघळतं. संध्याकाळपर्यंत त्याने तिला वडिलांचं दुकान सांगितलं, तीन मुलींचा किस्सा सांगितला, तिसरीचा प्रश्नसुद्धा सांगितला. त्यावर ती इतकी हसली की टेक पुन्हा घ्यावा लागला. शेवटच्या टेकला तो म्हणाला, "तुमचं नाक चांगलं आहे." एवढं बोलून तो स्वतःच घाबरला, मग आठवलं की आपण काहीच बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तेजस्वी दोन कप घेऊन त्याच्याजवळ आली.

"चहा?"

"हो."

दोघं चहा पिऊ लागले. कप निम्मा झाला तरी याच्या तोंडून शब्द नाही.

"तुम्ही बाकावर एवढं बोलता," ती म्हणाली, "मग इथं गप का?"

"साहेबांनी सांगितलंय. अनोळखी राहायचं."

"सहापर्यंत, का कायमचं?"

गुरुप्रसाद कपावरची साय बोटाने बाजूला करू लागला. ती दूर जनरेटरकडे बघत म्हणाली, "माझं इथलं वर्ष संपत आलंय बगा. संस्थेनं फॉर्म दिलाय. कायम इथं राहणार का बार्शीला परत जाणार, ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचंय."

"अच्छा," गुरुप्रसाद म्हणाला.

"तिकडं आई आहे, भाऊ आहे. इकडं काम आवडतं. पण संध्याकाळी शाळेतनं परत आलं की बोलायला माणूस नाही. म्हणून तर इथं आले, करीमभाईंनी अनोळखी पाहिजेत म्हणून पाटी लावली होती. म्हटलं, आपलं काम आहे."

"अच्छा," गुरुप्रसाद म्हणाला.

तिने कप ठेवला आणि गेली. गुरुप्रसादने मनातल्या मनात स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या जेटीवर मोठा झालेला माणूसच देऊ शकतो. दोन 'अच्छा'! एक तरी वेगळा शब्द!

दुपारी पुन्हा बाक. कॅमेरा सुरू झाला. गुरुप्रसादने एक खोल श्वास घेतला आणि बिनआवाजात, एकेक शब्द नीट तोलून, सगळं सांगून टाकलं. "जाऊ नका. मी अडतीस वर्षांचा आहे. घरात मी आणि आई. दुकान चालतं. आई बडबडी आहे, तुम्हाला संध्याकाळी बोलायला माणूस मिळेल, मीसुद्धा शिकेन. बार्शीला तुमच्या आईला भेटायला दर दोन महिन्यांनी जाऊ, मी तिकडचे काटेही बघून घेईन. तुम्ही इथे राहिलात तर मला फार बरं वाटेल. हे मी आवाजात कधीच म्हणू शकणार नाही, म्हणून आत्ताच म्हणून घेतो."

तेजस्वी हसली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचेही ओठ हलू लागले, सावकाश, बराच वेळ. आकडे मोजतेय, गुरुप्रसादला वाटलं. बरेच पुढचे आकडे असावेत, चेहरा इतका गंभीर झाला होता.

"कट! फारच छान!" रय्यान म्हणाला. त्या दिवशी निघताना तेजस्वीने एकदा मागे वळून पाहिलं. गुरुप्रसादने, अनोळखी माणसाने करावं तसं, दुसरीकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती बाकावर ओठ मिटून बसली.

"मॅडम, ओठ हलवा ना," सानवी म्हणाली.

"माझं बोलून झालंय," तेजस्वी म्हणाली.

गेली हिची बस बार्शीला, गुरुप्रसादने ठरवून टाकलं. सकाळचे चारही टेक त्याने पुन्हा आकडे मोजले, तेही उलटे.

जेवणाच्या सुट्टीत शेडच्या कोपऱ्यात कुणीतरी गुदमरल्यासारखा आवाज आला. भागोजी होता. भागोजी हा सिनेमाच्या कपड्यांच्या दुरुस्तीला आणलेला शिंपी, वय पन्नास, जन्मापासून ऐकू न येणारा. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखी. दुकान भर बाजारात. त्यामुळे रस्त्याच्या पलीकडे कोण कुणाला काय म्हणालं, हे तीस वर्षं शिलाई करता करता त्याला कळत आलं होतं. रत्नागिरीतली अर्धी गुपितं त्याच्या पोटात होती आणि त्यातलं एकही बाहेर आलं नव्हतं. आत्ता तो मॉनिटरसमोर उभा होता. रय्यान आधीच्या दोन दिवसांचे टेक तपासत होता. पडद्यावर नायक-नायिका बोलत होते आणि भागोजी त्यांच्या मागच्या बाकाकडे बघून पोट धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं.

हसता हसता तो एकदम थांबला. बहुधा कालचा दुपारचा टेक आला होता. त्याने डोळे पुसले, आजूबाजूला पाहिलं, गुरुप्रसादला हेरलं आणि दंडाला धरून शिवणयंत्राकडे ओढत नेलं. तिथे एक काळं कापड पसरलेलं होतं. भागोजीने शिंप्याचा खडू उचलला आणि लिहिलं, 'ती शिकवते ती शाळा माझी.'

गुरुप्रसादने दोनदा वाचलं. भागोजीची शाळा कुठली, हे रत्नागिरीत कुणाला ठाऊक नव्हतं? ऐकू न येणाऱ्या मुलांची. तिथल्या शिक्षिकेला ओठ वाचता येत नाहीत असं कसं होईल?

शेडमधल्या बाकी सगळ्यांना हे माहीत होतं. एकट्या गुरुप्रसादने कान झाकून घेतले होते.

मग एकेक आठवायला लागलं. शर्टाचं लेबल. चटणी. तिसरी मुलगी. नाक. नाकापाशी आल्यावर त्याचे कान इतके तापले की भागोजीने शेजारची इस्त्री बंद आहे ना ते पाहिलं.

गुरुप्रसादने हाताने खूण केली : आणि ती काय म्हणाली?

भागोजीने जरा विचार केला. दुसऱ्याचं बोलणं तो कधी सांगत नसे. पण हे ज्याचं होतं त्यालाच द्यायचं होतं. चुकून शेजारी पडलेलं पत्र घरी नेऊन द्यावं, तसं. त्याने कापड झटकलं आणि सावकाश लिहिलं :

'खरं असेल तर एकदा आवाजात सांगा. ओठांवरून निम्मं कळतं, निम्मं अंदाजाने घ्यावं लागतं. सोमवारी मला अंदाज लिहून देता येणार नाही.'

गुरुप्रसादने वर पाहिलं तेव्हा भागोजीने कापड झटकून टाकलं होतं आणि तो सुईत दोरा ओवत होता.

आता शोधायचं तेजस्वीला. पण ती बायकांच्या घोळक्यात, आणि घोळक्याच्या मध्यभागी मैनाआत्ये. गुरुप्रसाद दोनदा त्या बाजूला गेला. पहिल्यांदा नसीमाचाचीने त्याला घरच्या बिघडलेल्या काट्याची आठवण करून दिली. दुसऱ्यांदा तो अगदी जवळ पोचला, तोंड उघडलं, आणि घोळक्यातल्या चौदा बायका एकदम गप्प होऊन त्याच्याकडे बघायला लागल्या. त्याने तोंड मिटलं.

"पाणी पाहिजे काय?" आत्येने विचारलं.

"हो," तो म्हणाला आणि तहान नसताना दोन ग्लास प्यायला.

पावणेसहाला करीम धावत आला. जनरेटर सहाला पावस गावच्या एका मांडवासाठी निघायचा होता. "एक टेक! फक्त एक! नाहीतर मला तिथले लोक चरकात घालून पिळतील!"

"शेवटचा शॉट," रय्यान खोक्यावर चढून म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "नायक विचारतो, पुन्हा भेटू या का? नायिका दहा सेकंद काही बोलत नाही. त्या दहा सेकंदांत एकही आवाज नको. तुमच्या पाया पडतो."

"करू रे, करू," नसीमाचाची म्हणाली. "कौसरचा नातू तू. तुझं काम अडवू काय आम्ही?"

आणि खरंच, त्या शंभर माणसांनी कमाल केली. ओळखीच्या पोरासाठी ती सगळी अनोळखी झाली. मैनाआत्ये नसीमाचाचीच्या खांद्याला खांदा घासून गेली, पण नजर वर उचलली नाही. साडू साडूला ओलांडून गेला. मोबाइल खिशात राहिले. मिरजोळ्याच्या त्या शेडमध्ये चक्क मोठं शहर उभं राहिलं : घाईचं, गप्प, कुणाचं कुणी नसलेलं. करीमच्या अंगावर काटा आला.

नायकाने विचारलं, "पुन्हा भेटू या का?"

शांतता.

बाकावर तेजस्वी ओठ मिटून समोर बघत होती. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती. गुरुप्रसादने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलवले. आवाज आला नाही. सवयच तशी लागली होती. एक सेकंद गेला, दोन गेले, चार गेले. पलीकडे करीम जनरेटरच्या बटणावर हात ठेवून उभा होता. ते बंद झालं की दिवे जाणार होते, गाडी सुटणार होती, आणि सोमवार आपल्या वेळेवर येणार होता.

"फॉर्मवर राहते असं लिहा," गुरुप्रसाद म्हणाला.

जेटीवर लिलावाच्या गोंधळात बोलायची सवय असलेला आवाज तो. शांत शेडमध्ये पत्र्याला आपटून तो दोनदा परत आला. नायिका दचकली. नायकाने मागे वळून पाहिलं. गुरुप्रसाद उभा राहिला होता आणि आता थांबणं त्याच्या हातात उरलं नव्हतं.

"कालचं सगळं खरं होतं," तो म्हणाला. "परवाचंही. नाकाचंसुद्धा."

शंभर अनोळखी माणसं जागच्या जागी थिजली. आणि हे शूटिंगमुळे नव्हतं.

तेजस्वीने पिशवी बाजूला ठेवली. "आता पूर्ण कळलं," ती म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात. आणि लगेच, "चटणी मागायला एवढी हिंमत कशाला लागती? मागायची की!"

"अगो बाय," मैनाआत्येने प्लॅटफॉर्मच्या टोकावरून आरोळी ठोकली, "आमचा गुरू बोलला!"

मोठं शहर तिथल्या तिथे कोसळलं. कुणी त्याची पाठ थोपटली, कुणी नाकाचं काय ते विचारलं. नसीमाचाचीने तेजस्वीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. दोन्ही साडू गळ्यात पडले, विनाकारण. भागोजी शिवणयंत्रामागे बसून होता. त्याला यातलं काही नवीन नव्हतं. फक्त रय्यान मॉनिटरपुढे डोकं धरून बसला होता. त्याला 'कट' म्हणायचं भान राहिलं नव्हतं. ते काम करीमने केलं. त्याने जनरेटर बंद केला.

"टेक गेला," रय्यान पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या संध्याकाळच्या उजेडात म्हणाला.

"गेला कुठे?" नसीमाचाची म्हणाली. "चांगला झाला की. तुझ्या सिनेमात दोघं भेटून घरी जात होती. हे बरं नाही काय?"

सोमवारी तेजस्वीने फॉर्म भरून दिला. त्याआधी रविवारी तिने गुरुप्रसादच्या आईशी तीन तास गप्पा मारल्या आणि वजन करून पाहावं तसं एकेक गोष्ट पारखून घेतली. मगच शाई लावली. दोन्ही घरची बोलणी झाली, बार्शीची आई येऊन मासे न खाता परत गेली, आणि मार्गशीर्षात लग्न झालं. ओळखीच्या माणसांना बोलवायचं ठरलं, त्यामुळे हॉल पुरला नाही.

सिनेमा त्यानंतर आठ महिन्यांनी आला. शॉट दुसरा नव्हताच, म्हणून रय्यानने तोच ठेवला. गुरुप्रसादचा आवाज काढून टाकला आणि त्या जागी मेट्रोची घोषणा टाकली. इतर शहरांत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मागे एक धूसर माणूस उठून उभा राहतो, एवढंच. एका इंग्रजी वर्तमानपत्राने लिहिलं की हा माणूस शहरातल्या एकटेपणाचं प्रतीक आहे.

रत्नागिरीत पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. पुढच्या दोन रांगा तेजस्वीच्या शाळेच्या. त्या रांगा सिनेमाभर हसत होत्या, आणि नेमक्या नायक-नायिका गंभीर झाल्यावर हसत होत्या. शेवटच्या शॉटला नायकाने विचारलं, "पुन्हा भेटू या का?" पडद्यावर शांतता झाली, मागचा धूसर माणूस उठला, त्याचे ओठ हलले, आणि घोषणा सुरू व्हायच्या आत अख्खं थिएटर एका सुरात म्हणालं, "फॉर्मवर राहते असं लिहा!"

गुरुप्रसाद खुर्चीत जेवढा खाली सरकता येईल तेवढा सरकला. शेजारी बसलेल्या तेजस्वीने त्याच्याकडे वळून, आवाज न काढता, काहीतरी म्हटलं. एव्हाना त्यालाही ओठ थोडे थोडे वाचता येऊ लागले होते. निम्मं कळलं. उरलेलं निम्मं अंदाजावर न सोडता त्याने विचारलं, "काय म्हणालीस?"

मोठ्याने विचारलं. मागच्या तीन रांगाही उत्तरासाठी पुढे वाकल्या.